गणिताची भीती आणि गणिताचा इतिहास, ग्वाल्हेरहून थोडं सविस्तर

मी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मुलांना गणित शिकवते, सातवी ते अकरावी, कुणी हिंदी मीडियमचं कुणी इंग्लिश मीडियमचं, घरी मात्र मराठी, आणि नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं, "काकू, मला मॅथ्स जमतच नाही." सोबत आई किंवा आजी असली तर ती लगेच दुजोरा देते, आमच्याकडे कुणालाच गणित नव्हतं हो, याचे बाबाही असेच. ग्वाल्हेर म्हटलं की घराणं आलंच, पण गाण्यासारखं गणितही घराण्यातच असावं लागतं असं आपण धरून बसलोय, आणि ज्या पोराच्या घरी ते नाही त्याने दहावीला पासिंगपुरते मार्क्स काढावेत आणि पुढे कायमचं सुटावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

ही समजूत घालवायला मला आजवर सगळ्यात जास्त उपयोग झालाय तो गणिताच्या इतिहासाचा. म्हणजे थोर गणितज्ञांची चरित्रं आणि जयंत्या नव्हे, अमुक एक कल्पना आली कुठून, ती काढताना माणसं कुठे अडकली, किती वर्षं त्यावर भांडली, कुणी चक्क चुकीचं उत्तर देऊन ठेवलं आणि ते पुढे कुणी दुरुस्त केलं, हा इतिहास. तो सांगितल्यावर मुलाचं गणिताकडे बघणं का बदलतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते समजलं नाही तर आपण त्या गोष्टी शाळेच्या भित्तिपत्रकासारख्या वापरतो आणि मग त्यांचा काडीचा उपयोग होत नाही.

टेक्स्टबुकात क्रम काय असतो बघा. आधी व्याख्या, मग नियम, मग एक सोडवलेलं उदाहरण, आणि मग तुमच्यासाठी वीस गणितं. घडलेलं असतं नेमकं उलट, आधी कुणाला तरी एक प्रश्न पडला, मग त्याने जमेल तशी खटपट केली, बऱ्याच जणांनी केली, उत्तरं मिळायला लागली पण ती का मिळतात ते कुणाला धड सांगता येईना, आणि व्याख्या आली सगळ्यात शेवटी, कधी कधी शंभर-दीडशे वर्षांनी. कॅल्क्युलसचंच घ्या. न्यूटनने त्याचं मुख्य काम १६६५-६६ मध्ये केलं, लायब्निझचा लेख १६८४ ला छापून आला, आणि १७३४ मध्ये बिशप बर्कलीने त्यावर जाहीर हल्ला चढवला की तुम्ही ज्या बारीक राशीने आधी भागता तीच नंतर शून्य म्हणून टाकून देता, हे कुठलं तर्कशास्त्र. गंमत म्हणजे त्याचा आक्षेप बरोबर होता, आणि उत्तर कुणाकडे नव्हतं! कोशीने १८२१ मध्ये लिमिटला, म्हणजे एखादी राशी कशाच्या जवळजवळ जात राहते या कल्पनेला, नीट जागेवर बसवलं आणि पुढे वायरश्ट्रासने ते पक्कं केलं. म्हणजे अकरावीच्या मुलाला आपण जी लिमिट एका आठवड्यात उरकून देतो ती नीट मांडायला युरोपातल्या सगळ्यात हुशार लोकांना दीडशेच्या वर वर्षं लागली, आणि तो मुलगा जेव्हा विचारतो "पण आधी शून्य नाही म्हटलं, मग आता शून्य का घालतोय" तेव्हा तो बर्कलीचाच प्रश्न विचारत असतो. आणि आपण त्याला काय सांगतो, फॉर्म्युला पाठ कर.

इथे मुलाच्या मनात काय होतं ते बघा. पुस्तकात सगळं स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही, कुणी अडखळलेलं दिसत नाही, सर फळ्यावर एका दमात सोडवतात, मग मला कळत नाही याचा अर्थ दोष माझ्यात. दुसरा निष्कर्ष तो काढणार तरी कसा? अडचण त्या कल्पनेतच आहे, भल्याभल्यांना ती आली, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात चांगलं उदाहरण मायनसचं. सातवी-आठवीत जिथे पहिल्यांदा पोरांचा पाय अडकतो ती जागा हीच, मायनस गुणिले मायनस प्लस. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, स्वतः ३० वर्षांचा असताना, भिल्लमालात म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळला बसून धन आणि ऋण राशींचे नियम व्यवस्थित लिहिले, ऋणाला ऋणाने गुणलं की धन, ऋणाला धनाने गुणलं की ऋण, अगदी आपण आज शिकवतो तेच. त्याच्याही आधी चीनमध्ये गणनेच्या काड्या वापरत त्यात धन संख्येला लाल आणि ऋण संख्येला काळी काडी असायची. बखशाली हस्तलिखितात, म्हणजे १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बखशाली गावात जमिनीत सापडलेल्या भूर्जपत्रांच्या पोथीत, ऋण संख्येच्या पुढे जी खूण आहे ती हुबेहूब आपल्या प्लससारखी दिसते. हे मुलांना सांगितलं की ती थक्क होतात, आणि एक गोष्ट त्यांना न सांगता कळते की चिन्हं वरून पडलेली नाहीत, माणसांनी ठरवलेली आहेत आणि वेगळीही ठरवता आली असती. भास्कराचार्यांनी ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिलं, आणि अज्ञात संख्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, आणि लिहिताना नुसतं का, नी, पी. आपला क्ष किंवा एक्स हा त्या मानाने अगदी अलीकडचा, देकार्तने १६३७ मध्ये वापरात आणलेला, आणि बरोबरच्या दोन समांतर रेघा रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श माणसाने १५५७ मध्ये काढल्या, त्याला "बरोबर आहे" हे पुन्हा पुन्हा शब्दांत लिहायचा कंटाळा आला म्हणून.

आता युरोपात काय झालं ते ऐका. कार्दानोने १५४५ मध्ये ऋण उत्तरांना खोट्या संख्या म्हटलं. देकार्तही त्यांना खोटी मुळं म्हणतो. पास्काल, ज्याने १६४० च्या दशकात बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवलं होतं, तो लिहून गेलाय की शून्यातून चार काढले तर शून्यच उरतो हे ज्यांना कळत नाही अशी माणसं मला माहीत आहेत. म्हणजे त्याच्या मते शून्यातून काही काढताच येत नाही, विषय संपला. आणि १७५८ मध्ये फ्रान्सिस माझेरेस नावाच्या इंग्रज गृहस्थाने अख्खं पुस्तक लिहिलं की या ऋण संख्यांनी बीजगणित गढूळ केलंय, त्यांना बाहेर काढा. म्हणजे ब्रह्मगुप्तानंतर अकराशे वर्षांनी! ही वेडी माणसं नव्हती, त्यांचा प्रश्न खरा होता, काहीच नाही याच्याहून कमी म्हणजे नेमकं काय.

हे सगळं सांगून झालं की मी मुलांना नियम सांगत नाही, एक यादी लिहायला लावते. ३ गुणिले −४ किती? −१२, हे कळतं, चार रुपयांचं कर्ज तीनदा. मग २ गुणिले −४, −८. १ गुणिले −४, −४. ० गुणिले −४, शून्य. आता वरून खाली उत्तरं वाचा, −१२, −८, −४, ०, प्रत्येक पायरीला काय होतंय? चारने वाढतंय. मग पुढची पायरी −१ गुणिले −४, तिथे काय यायला हवं? आणि वर्गातलं सगळ्यात गप्प मूलसुद्धा "चार, प्लस चार" म्हणतं, कारण दुसरं काही आलं तर यादी मोडते. नियम कुणी लादला नाही, आधीचे नियम टिकवायचे असतील तर तो घ्यावाच लागतो. माझेरेसला हे कुणी असं बसून दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं एक मुलगी म्हणाली होती, आणि मला वाटतं त्या दिवशी तिचं गणिताशी नातं बदललं, कारण एका छापलेल्या पुस्तकाच्या लेखकाच्या बरोबरीने बसून ती त्याच्याशी वाद घालत होती.

आता आपल्या गावाचं. किल्ल्यावर ग्वाल्हेर गेटकडून, म्हणजे गूजरी महालाच्या बाजूने पायी चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं, इतकं छोटं की निम्मे लोक मानमंदिर बघायच्या घाईत पुढे निघून जातात. आत भिंतीवर शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा म्हणजे इ. स. ८७६ चा, प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळातला. त्यात लिहिलंय काय, तर देवाच्या फुलांच्या बागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा देवळात यायच्या. या २७० मधला आणि ५० मधला शून्य, बाकी आकड्यांपेक्षा जरा लहान, गोल, पण स्पष्ट शून्य. तारीख पक्की आणि वाचनात शंका नाही असा भारतातला हा फार जुना शून्य, आणि तो बघायला जगभरातून गणिताची माणसं इथे येतात.

जगातला पहिला शून्य आमच्या ग्वाल्हेरला, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात, पण ते तसं नाही आणि मुलांना तसं सांगूही नये. कंबोडियात सांबोर इथे सापडलेल्या शिलालेखात शके ६०५ म्हणजे इ. स. ६८३ लिहिताना शून्याच्या जागी टिंब आहे, तो ग्वाल्हेरच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा. बखशालीच्या पोथीतही शून्यासाठी टिंबच आहे, ती ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे आणि २०१७ मध्ये कार्बन डेटिंग केलं तेव्हा तिच्या वेगवेगळ्या पानांची वयं एकमेकांपासून काही शतकं दूर निघाली, त्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आणि ब्रह्मगुप्ताचे शून्याचे नियम तर सांबोरच्या शिलालेखाच्याही आधी लिहून झालेले.

मग चतुर्भुज मंदिराचं मोल कशात आहे? माझ्या मते त्या शून्याच्या साधेपणात. ज्याने तो कोरला त्याला आपण काही भारी करतोय असं वाटल्याची एकही खूण तिथे नाही, तो बागेचं माप लिहीत होता, माळांचा हिशेब लिहीत होता, ज्याला त्याला वाचता यावा असा. म्हणजे ८७६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शून्य हे रोजच्या व्यवहारातलं होतं. याच्या बाजूला फ्लॉरेन्स ठेवून बघा, १२९९ मध्ये तिथल्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वहीत हे आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले आकडे वापरायला बंदी केली, रक्कम शब्दांत किंवा रोमन अक्षरांतच लिहा म्हणून. फिबोनाचीने त्या आकड्यांवर पुस्तक लिहिलं त्याला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं होत आली होती. चांगली गोष्टसुद्धा लोकांच्या गळी उतरायला किती वेळ लागतो ते यावरून कळतं.

मुलांना मी त्या बागेचं क्षेत्रफळ काढायला लावते. २७० गुणिले १८७, म्हणजे ५०,४९० चौरस हात. हात साधारण दीड फुटाचा धरला तर ४०५ फूट बाय २८० फूट, एक लाख तेरा हजारांच्या वर चौरस फूट, म्हणजे अडीच एकराच्या थोडी वर. मग चर्चा सुरू होते की रोज पन्नास माळांना एवढी बाग लागेल का, एका माळेला फुलं किती, झेंडू का मोगरा, आणि ज्या मुलाला क्षेत्रफळाचा चॅप्टर बघून पोटात गोळा यायचा तोच आवाज चढवून सांगत असतो की काकू, उन्हाळ्यात फुलं कमी येणार, म्हणून बाग मोठी घेतली असणार. त्याला आपण गणित करतोय हे लक्षातही आलेलं नसतं.

इथे थोडं कडक बोलते. हल्ली इतिहासाच्या नावाने मुलांना जे सांगितलं जातं ते बहुतेक एकच असतं, हे आमचं, ते आमचं, सगळं आमच्याकडे आधी होतं. त्याने भीती जात नाही. उलट बिचाऱ्या पोराला वाटतं, शून्य आमच्या पूर्वजांनी शोधला आणि मला साधे अपूर्णांक येत नाहीत, म्हणजे मी तर फारच कामातून गेलो. अभिमान वाटावा असं खरंच खूप आहे, केरळात संगमग्रामच्या माधवाने चौदाव्या-पंधराव्या शतकात π साठी (पाय, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) अनंत श्रेणी काढली आणि तिची सिद्धता ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास चक्क मल्याळममध्ये, बोलीभाषेत लिहून ठेवली, हे मुलांना माहीत असायलाच हवं. पण पूर्वजांचा मोठेपणा ऐकून कुणाला गणित येत नाही. त्यांची खटपट बघून येतं, आणि खटपटीत चुका असतातच.

आर्यभटाचं घ्या. ४९९ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी ज्याने आर्यभटीय लिहिलं त्याच्या त्याच ग्रंथात त्रिकोणी पायाच्या पिरॅमिडचं घनफळ चुकलंय, पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, आणि त्याचं निम्मं, असं त्यात दिलंय, खरं तर तिसरा हिस्सा हवा. चूक कशी झाली असेल याचा अंदाज आठवीतलं मूल करू शकतं, त्रिकोणात निम्मं असतं म्हणून इथेही निम्मंच असेल असं वाटलं असणार, परीक्षेत आपली मुलं अगदी तसंच करतात. ब्रह्मगुप्ताने पुढे ते दुरुस्त करून एक तृतीयांश दिलं. आणि तोच ब्रह्मगुप्त शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहून गेला, जे आज आपण मान्य करत नाही. मग भास्कराचार्यांनी ११५० च्या आसपास म्हटलं की एखाद्या राशीला शून्याने भागलं तर जे येतं तो खहर, अनंत, त्यात काही मिळवा किंवा काढा तो बदलत नाही, जशी सृष्टी आली-गेली तरी अच्युतात फरक पडत नाही. किती सुंदर. आणि तेच भास्कराचार्य लीलावतीत गणित घालतात की एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तीनने गुणलं, शून्याने भागलं, आले ६३, तर संख्या कोणती? त्यांचं उत्तर १४. शून्य वर आणि शून्य खाली काटून टाका, दीडपट गुणिले तीन म्हणजे साडेचारपट, ६३ भागिले साडेचार, चौदा. आज असा शून्य काटला तर बोर्डाचे मार्क्स जातील, पण अकरावीचं मूल नीट बघेल तर त्याला दिसेल की लिमिटमध्ये आपण जे करतो त्याच्या किती जवळ हा माणूस फिरतोय. दोन माणसं, पाचशेच्या वर वर्षं, आणि एकच प्रश्न, शून्याने भागलं तर काय. आणि आपण मुलाला म्हणतो "नॉट डिफाइन्ड लिही आणि पुढे चल."

लीलावती निघालीच आहे तर एक सांगून टाकते. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे चुकला ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय, ती भास्कराचार्यांनी कुठे लिहिलेली नाही, ती येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्याच्या प्रस्तावनेतून. हा फैजी म्हणजे अबुल फजलचा भाऊ, आणि त्या अबुल फजलची कबर इथून जवळच आंतरीला आहे. गोष्ट खरी का खोटी यापेक्षा मला जास्त भावतं ते चाळीसगावजवळच्या पाटणचं, तिथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ च्या आसपासचा शिलालेख आहे, आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला द्यायचा म्हणून. गणित शिकवायला खर्च येतो आणि तो गावाने मिळून उचलायचा असतो, हे आठशे वर्षांपूर्वी मराठीत दगडावर लिहिलंय.

अकरावीच्या मुलांसाठी सगळ्यात मोठी गाठ म्हणजे √−१. पुस्तक म्हणतं, क्ष² + १ = ० याला उत्तर नाही म्हणून आपण एक काल्पनिक संख्या मानू. मूल मनात म्हणतं, उत्तर नाही तर नाही, मानायचं कशाला? आणि मूल बरोबर आहे, कारण इतिहासात या समीकरणासाठी कुणी ती मानलीच नाही. ती आली तिसऱ्या घाताच्या समीकरणातून. सोळाव्या शतकात इटलीत तिथे फॉर्म्युला सापडला, कार्दानोने तो छापला, आणि मग क्ष³ = १५क्ष + ४ यासारख्या समीकरणात गोची झाली. याचं उत्तर ४ आहे, पडताळून बघा, ६४ = ६० + ४. पण फॉर्म्युल्यात घातलं की मध्येच √−१२१ येतं. म्हणजे उत्तर समोर दिसतंय, साधं, चार, आणि तिकडे जाणारा रस्ता अशक्य गोष्टीतून जातोय. बॉम्बेली नावाच्या इंजिनियरने १५७२ मध्ये हिंमत करून म्हटलं, चला, या √−१ ला नेहमीचेच नियम लावून बघू. त्याने दाखवलं की २ + √−१ चा घन केला तर २ + ११√−१ येतं, स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुसऱ्या बाजूला २ − √−१ चा घन २ − ११√−१. फॉर्म्युल्यात या दोघांची घनमुळं मिळवायची होती, म्हणजे २ + √−१ आणि २ − √−१, विचित्र भाग उडाला, उरले ४. मी हे फळ्यावर करते तेव्हा वर्गात खरंच एक क्षण कुणी बोलत नाही, आणि मग कुणीतरी म्हणतं, "म्हणजे हे मानावंच लागलं." अगदी. आणि तरीही पुढे सव्वादोनशे वर्षं लोकांना ते पटत नव्हतं, १७९७ मध्ये वेसेलने आणि १८०६ मध्ये आर्गांने या संख्या प्रतलावर बिंदू म्हणून काढून दाखवल्या तेव्हा हळूहळू भीती मोडली.

कुणी म्हणेल ही सगळी जुनी आणि लांबची माणसं. मग आपले द. रा. कापरेकर घ्या, १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, देवळालीत शाळेत शिकवायचे, मोठी पदवी नाही, युनिव्हर्सिटीत जागा नाही, सुट्टीत आकड्यांशी खेळत बसायचे आणि बऱ्याच लोकांनी त्याला रिकामपणाचा उद्योग म्हटलं. त्यांचा ६१७४. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, सगळे आकडे सारखे नकोत, आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच. मी मुलांना ग्वाल्हेरच्या शिलालेखाचं साल देते, ०८७६. ८७६० वजा ०६७८, ८०८२. ८८२० वजा ०२८८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४, तिथून हलतच नाही. १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या एका कॉलमात त्यांच्याबद्दल आलं तेव्हा जगाने त्यांना ओळखलं, तेव्हा ते सत्तरीत होते. पाचवीतल्या मुलालाही हे करता येतं, आणि वजाबाकीची एवढी प्रॅक्टिस कुठल्याही वर्कबुकातून होत नाही.

आता नेहमीचा आक्षेप, सिलॅबस कोण पूर्ण करणार. बरोबर आहे, वेळ नसतो. म्हणून मी चॅप्टरच्या सुरुवातीला गोष्ट सांगत नाही, कारण तेव्हा मुलाला अजून अडचणच आलेली नसते आणि गोष्ट वरवरची राहते. जिथे ते अडकतं, "पण असं का" म्हणतं, तिथे थांबायचं आणि दहा मिनिटं द्यायची, बस. आणि सगळ्या चॅप्टरना लागतही नाही, शून्य, ऋण संख्या, अपरिमेय संख्या, वर्गसमीकरण, लिमिट, कॉम्प्लेक्स नंबर, खऱ्या गाठी एवढ्याच, बाकीचं सरावाने येतं. आणि सरावाला पर्याय नाही हेही सांगते, इतिहास ऐकून पाढे येत नाहीत, फक्त पाढे म्हणायची इच्छा टिकते.

आईबाबांना घरी करून बघायचं असेल तर दहावीचं वर्गसमीकरण घ्या, तिथे फॉर्म्युला पाठ करून मुलं इतकी कंटाळलेली असतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझमीने हे कसं केलं ते कागद-कात्री घेऊन करता येतं. समीकरण त्याचंच, क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा एक चौरस कापा, कितीही मोठा, आपल्याला क्ष माहीत नाहीच. १०क्ष च्या दोन पट्ट्या करा, प्रत्येकी ५ रुंद आणि क्ष लांब, एक उजवीकडे चिकटवा, एक खाली. आतापर्यंतचं एकूण क्षेत्रफळ ३९. कोपऱ्यात एक खाच राहिली, ती ५ बाय ५ ची, म्हणजे २५, तो तुकडा लावला की पूर्ण मोठा चौरस झाला, ३९ अधिक २५, ६४. त्याची बाजू ८, त्यातले ५ पट्टीचे, उरले ३. क्ष = ३. पूर्ण वर्ग करणे हे जे पुस्तकात दोन ओळींत येतं ते हेच, कोपऱ्याचा तुकडा भरणं. मग मुलाला तेच गणित फॉर्म्युल्याने करायला सांगा, तिथे दोन उत्तरं येतील, ३ आणि −१३. दुसरं उत्तर अल-ख्वारिझमीने का दिलं नाही हे त्याला विचारा, हातात कागदाचा चौरस असताना.